टेंभेकर काकांची हलकी काडतुसं

टेंभेकर काकांच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती. ॲरिझोनातल्या चँडलरच्या उन्हाळ्यात बाहेर उभ्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही, म्हणून आमच्याकडे जो तो आधी गाडीला सावली बघायचा आणि मग स्वतःला. काकांची गाडी मात्र वर्षभर ड्राइव्हवेत भाजत असायची. गॅरेजमध्ये, खास बसवून घेतलेल्या एसीच्या गारव्यात, पितळेची नळकांडी, शिशाच्या गोळ्या आणि बंदुकीची दारू सुखाने नांदायची. "दारूला एसी आणि गाडीला ऊन," शैला काकू आल्यागेल्याला सांगायच्या. "आणि माणूस म्हणे निर्व्यसनी!"

दोन हजार चार साली मी सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर चँडलरला आले तेव्हा टेंभेकर माझ्यापासून तीन घरं सोडून राहत होते. काका मूळचे नागपूरचे, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. काकू सांगलीच्या, मी कराडची, त्यामुळे काकूंनी मला पहिल्याच दिवशी आपल्या गोटात ओढलं. त्यांचा मुलगा शिकायला दुसऱ्या राज्यात गेला होता. त्यांच्या जेवणाच्या टेबलापाशी एक खुर्ची रिकामी होती आणि माझ्या घरात तर खुर्चीच नव्हती. मग काय, आठवड्यातून चार वेळा मी तिकडेच.

काकांची खरी ओळख झाली ती दह्यामुळे. माझं दही लागेना. मी विरजण बदललं, दूध बदललं, भांडं बदललं, तरी सकाळी पाहावं तर पांढरं पाणी. जेवताना सहज बोलले, तर काका घास हातात धरून थांबले.

"लागत होतं ना आधी?"

"हो ना काका."

"मग काय बदललं?"

"सगळंच बदलून बघितलं."

"तू काय बदललं ते नाही विचारून राहिलो, पोरी. तू काही न करता काय बदललं, ते सांग."

ते जेवण अर्धवट टाकून माझ्या घरी आले, ओव्हन उघडला आणि आत डोकं घातलं. मी दही ओव्हनमधला दिवा लावून आत ठेवायचे, तेवढ्याच उबेवर ते लागायचं. तो दिवाच गेला होता. काकांनी नवा बल्ब आणून बसवला आणि जाताना मला दोन नियम सांगितले. एक, आधी 'काय बदललं' हे विचारायचं. दोन, दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की बिघाड गेला तरी कशामुळे गेला ते कळत नाही. मी पगारच असल्या कामाचा घेत होते, पण ऑफिसात मला हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

या माणसाला काउबॉय नेमबाजीचा नाद कसा लागला हे मला अजून नीट कळलेलं नाही. विचारलं की म्हणायचे, "आवाज आवडला." त्या खेळात जुन्या काळच्या काउबॉयसारखा पोशाख करायचा, जुन्या घडणीची रिव्हॉल्व्हरं वापरायची आणि थोड्या अंतरावर टांगलेल्या लोखंडी पत्र्यांवर भराभर गोळ्या मारायच्या. गोळी लागली की पत्रा टण्णकन वाजतो. या खेळात प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावं लागतं आणि मग मैदानावर त्याच नावाने सगळे हाक मारतात. काकांनी घेतलं होतं 'ऑरेंज किड'. ॲरिझोनात घरोघरी संत्र्याची झाडं, आणि काकांचं त्या फळांबद्दलचं मत ठरलेलं. "हे संत्रं नाही, हा नागपूरचा अपमान आहे," असं म्हणून ते दर वर्षी शेजाऱ्याची टोपलीभर संत्री खाऊन टाकायचे.

पोशाखातही काकांचं थोडं नागपूर होतंच. हॅटच्या खाली कान झाकणारा पांढरा दुपट्टा आणि वेस्टकोटच्या खिशात एक कांदा. ऊन लागू नये म्हणून नागपूरकडे खिशात कांदा ठेवतात, आणि वाळवंटात आल्यावर तो सोडायचं काकांना काही कारण दिसत नव्हतं. सुरुवातीला लोक हसले. मग एका जूनमध्ये मैदानावर दोघे जण चक्कर येऊन पडले आणि काका टुणटुणीत राहिले. पुढच्या वेळी मी पाहिलं, तर तीन-चार काउबॉयांचे खिसे फुगलेले होते.

मला तिथे पाठवलं ते काकूंनी. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. सावळा, मिशीवाला माणूस कमरेला दोन रिव्हॉल्व्हरं लावून वाळवंटात जातो याची काकूंना धास्ती वाटायची. "मला ते धडाडधूम सहन होत नाही. तू जा आणि लक्ष ठेव," त्या म्हणाल्या. माझ्या व्हिसावर बंदूक काय, काडतूसही हातात घेणं कायद्यात बसत नव्हतं, आणि काका त्या बाबतीत कडक होते. "ग्रीन कार्ड येऊ दे, मग हात लाव. तोवर डोळे लाव," म्हणायचे. म्हणून मी कानावर मोठे मफ चढवून, खुर्ची टाकून, मागच्या बाजूला बसायचे. गेले होते पहारा करायला आणि दोन शनिवारांत माझे मलाच प्रश्न पडायला लागले.

काकांच्या पहिल्या दिवसाची गोष्ट मैदानावर सगळ्यांना पाठ होती. आपल्याकडे सुताराने करवत घेतली, ड्रायव्हरने स्टिअरिंग धरलं, की कामाआधी हात लावून नमस्कार करतात. काकांनी भरलेलं रिव्हॉल्व्हर उचललं आणि कपाळाला लावलं. रेंज ऑफिसर म्हणजे तिथला पंच, तो पांढराफटक पडून ओरडला. त्याला वाटलं, हा माणूस इथे जीव द्यायला आला आहे! काकांनी त्याला समजावलं, त्याने काकांना समजावलं, आणि अखेर तडजोड झाली. नळीचं तोंड कायम समोरच्या मातीच्या बांधाकडे. कपाळाला लावायचं नाही. फार तर नळी थोडी वर उचलून काकांनी आपलं डोकं किंचित झुकवावं. काका तेवढ्यावर राजी झाले. हत्यार हातात घेऊन नमस्कार नाही करायचा, हे त्यांना जमण्यासारखंच नव्हतं.

त्या दिवशी ओरडाआरडा झाल्यावर बाकीचे लोक जरा लांबच उभे राहिले. एक म्हातारा तेवढा आपली घडीची खुर्ची उचलून काकांच्या शेजारी येऊन बसला आणि त्याने अर्धं सँडविच पुढे केलं. तो वॉल्ट. तांब्याच्या खाणीत मेकॅनिक म्हणून आयुष्य गेलेला, बायको वारलेली, सत्तरीच्या पुढचा. मैदानावरचं त्याचं नाव 'लेट सपर', कारण जेवण सोडून तो सगळीकडे उशिरा पोचायचा. त्याचं बोलणं मी इथे मराठीत देते आहे, कारण त्याचं इंग्रजी मला निम्मंच कळायचं. निम्मं काका सांगायचे, आणि काकांना किती कळायचं देव जाणे. पण दोघे तासन् तास बोलायचे.

वॉल्टच्या बोटांना संधिवात होता. रिव्हॉल्व्हरचा धक्का मनगटाला लागला की त्याचा चेहरा पिवळा पडायचा, पण खेळ सोडायला तो तयार नव्हता. आठवड्यात त्याला कुणी हाक मारून बोलवायचं असं ते एकच ठिकाण उरलं होतं. म्हणून काका त्याच्यासाठी हलकी काडतुसं भरायला लागले.

ते भरणं बघत बसणं हा माझा आवडता उद्योग होता. वापरलेलं पितळेचं नळकांडं धुऊन घ्यायचं, त्याच्या तळाशी नवी टिकली बसवायची. ही टिकली म्हणजे दिवाळीतल्या पिस्तुलाच्या टिकलीची थोरली बहीण. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते. मग मोजून दारू घालायची, वर शिशाची गोळी बसवायची आणि नळकांड्याचं तोंड तिच्याभोवती आवळायचं. काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या. शिशाचे हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा कायदा होता आणि घरात दुसऱ्या कुठल्याही कायद्यापेक्षा तो जास्त पाळला जायचा.

"काका, हलकं करायचं म्हणजे दारू कमी घालायची, एवढंच ना?" मी एकदा विचारलं.

"एवढंच असतं तर काय हवं होतं, बाप्पा!" काकांनी एक रिकामं नळकांडं दिव्यापुढे धरलं. "हे पोट बघ केवढं मोठं. जुन्या काळची काळी दारू ढिगानं लागायची, तिच्यासाठी हे बनवलं. आताची दारू लागते एवढीशी. मोठ्या डब्यात चिमूटभर हिंग घातल्यासारखं. बरं, भरायच्या मापांचं पुस्तक आहे, त्यात सगळ्यात कमी माप दिलेलं असतं. आपण त्याच्याही जरा खाली गेलो आहोत. वॉल्टच्या हाताला तेच सोसतं."

"पुस्तकाच्या खाली गेलेलं चालतं?"

"टेस्ट करून राहिलो ना मी!"

आणि ते करत होतेच. काका स्वतः सामन्यात जरा भारी काडतुसं वापरायचे. ही अगदी हलकी फक्त वॉल्टची. पण वॉल्टला देण्याआधी प्रत्येक नव्या भरणीतली मूठभर ते स्वतः मैदानावर उडवून बघायचे. गोळीचा वेग मोजायचं यंत्र समोर ठेवायचं, एकेक बार सुटा मारायचा, आकडा बघायचा, नळकांडं काढून न्याहाळायचं. प्रत्येक बार म्हणजे नवं काम, म्हणून प्रत्येक बाराआधी नळी वर करून नमस्कार. आकडे सगळे सारखे यायचे.

वॉल्टच्या हातात मात्र त्याच डब्यातली काडतुसं निराळं वागायला लागली. काही बार खणखणीत, काही मऊ. त्याची नळकांडी बाहेर निघायची ती बाजूने काजळी धरलेली. काकांची स्वच्छ. वॉल्ट दोनदा म्हणाला, "प्रॅब, मधले काही बसके वाजतात." प्रॅब म्हणजे प्रभाकर. काकांनी हसून त्याच्या कानाकडे बोट दाखवलं. वॉल्टला ऐकू कमी यायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग तो ऑक्टोबरचा सामना आला. वॉल्टने चामड्याच्या म्यानातून रिव्हॉल्व्हर सावकाश काढलं, तितकंच सावकाश वर आणलं आणि बार टाकला. टण्ण. दुसरा, टण्ण. तिसऱ्याला नुसतं फुस्स झालं आणि पत्रा वाजलाच नाही. वॉल्ट घोडा पुन्हा मागे ओढत होता, इतक्यात रेंज ऑफिसर ओरडला, "थांब!" वॉल्ट थांबला. रिव्हॉल्व्हर रिकामं करून पाहिलं, तर गोळी नळीत मध्येच अडकून बसली होती. बाराला ती बाहेर ढकलायला जोरच पुरला नव्हता. वॉल्टने पुढचा बार टाकला असता तर मागून आलेली गोळी तिच्यावर आदळून नळी त्याच्या हातात फुटली असती.

काकांनी ती गोळी पितळी सळईने ठोकून बाहेर काढली. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि घाबरलेला माणूस दोष शोधतो तेव्हा तो स्वतःपासून जितका लांब सापडेल तितका बरा वाटतो.

त्यांनी वॉल्टचं रिव्हॉल्व्हर मागून घेतलं. ते तेलाने निथळत होतं. खाणीतल्या मेकॅनिकचा हात सढळ. तेल टिकलीत झिरपलं की ठिणगी मरते, हे काकांना माहीत होतं. त्यांनी तेल पुसून काढलं, त्याच डब्यातली काही काडतुसं त्याच रिव्हॉल्व्हरमधून स्वतः उडवली. सगळी खणखणीत.

"सापडलं," ते वॉल्टला म्हणाले. "तू तेल फार घालतोस."

वॉल्टने त्यांच्याकडे पाहिलं. "मला तेल किती घालायचं ते कळत नाही, असं म्हणतोस?"

"काडतूस ठीक आहे, वॉल्ट. मी मारून बघितलं. माझ्या हातात ठीक आहे."

"म्हणजे माझा हात."

काका हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले. नाही म्हणायला हवं होतं, पण नाही म्हटले असते तर दोष काडतुसात, म्हणजे स्वतःत आला असता. वॉल्टने काडतुसांचा डबा टेबलावर ठेवला, खुर्ची मिटली आणि निघून गेला. पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग मैदानावरच्या कुणीतरी सांगितलं, तो रिव्हॉल्व्हर विकायला गिऱ्हाईक शोधतो आहे.

गाडीतून येताना काका म्हणाले, "मी चुकलो असेन तर सांग."

मी म्हटलं, "काका, तुम्ही दोन गोष्टी बदलल्यात. तेलही पुसलंत आणि माणूसही बदललात."

त्यांना ते आवडलं नाही. पण त्या आठवड्यापासून गॅरेजमधला दिवा रोज लागायला लागला. टिकल्या बदलून पाहिल्या. तराजू तपासला. नळकांडी एकेक मापून घेतली. जुन्या भरणीची काडतुसं मुद्दाम तेलात ठेवून उडवली, तीही उडाली. म्हणजे दोष तेलातही नव्हता. बिघाड होता, वॉल्टच्या हातात होता, आणि वॉल्ट गेल्यावर बिघाडही त्याच्याबरोबर निघून गेला होता. बिघाड समोर येऊनच उभा राहत नसेल तर कसलीही दुरुस्ती होत नाही, हे दुःख मला ऑफिसमुळे चांगलं ठाऊक होतं. "यार काका, रिप्रोड्यूसच होत नाही," मी म्हणायचे, आणि ते नुसती मान हलवायचे.

दिवाळी होऊन गेली आणि नागपूरहून फोन आला. काकांचा चुलतभाऊ गेला. लहानपणी दोघांनी मिळून एकच टिकल्यांचं पिस्तूल वापरलेलं, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने टिकली बसवायची. विमानाचं तिकीट बघेपर्यंत तिकडे सगळं आटोपलंसुद्धा होतं. घरात सुतक. देव्हाऱ्यात दिवा नाही, पूजा नाही. काका येरझाऱ्या घालत राहिले. रडायला बरोबर कुणी नसलं की माणूस कसा होतो ते मी तेव्हा पाहिलं.

शनिवारी काकूच म्हणाल्या, "अहो, जा तुमच्या त्या वाळवंटात. घरात बसून डोकं फिरेल तुमचं." मग दारापर्यंत येऊन म्हणाल्या, "पण तिथे तो नमस्कारबिमस्कार नको. सुतक आहे."

"चालते," काका म्हणाले.

मैदानाच्या टोकाला, नेमाच्या जागी, काकांनी यंत्र मांडलं. वॉल्टच्या त्या परत आलेल्या डब्यातली थोडी काडतुसं अजून उरली होती. त्यांनी रिव्हॉल्व्हर भरलं, नळी जमिनीकडे कलती धरून क्षणभर उभे राहिले, भावाची आठवण आली असावी. सवयीने हात वर जायला निघाला आणि थांबला. नमस्कार न करता त्यांनी रिव्हॉल्व्हर सरळ समोर आणलं आणि बार टाकला.

तो बसका वाजला. मला मफमधूनसुद्धा कळलं.

काकांनी आकडा पाहिला. आजवर इतका खालचा आकडा त्या यंत्रावर आला नव्हता. त्यांनी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, नळी तपासली, ती मोकळी होती. मग नळकांडं हातात घेतलं. ते बाजूने काळं झालं होतं. अगदी वॉल्टच्यासारखं.

"काका, दारू खराब झाली का?"

"कालपर्यंत चांगली होती." ते नळकांडं फिरवत राहिले. "दारू तीच. डबा तोच. बंदूक माझी, तेल नाही. माणूस मीच. काय बदललं?" ते स्वतःशीच बोलत होते. "काय बदललं, काय बदललं..." आणि मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "सुतक."

मला काही कळेना. काकांनी एक काडतूस कानाशी धरून हलवलं. आतून बारीक खुळखुळ आली.

"चिमूटभर हिंग, पोरी! नळी वर केली की दारू मागे घसरते, टिकलीपाशी. ठिणगी पडली की भडका. मी प्रत्येक बाराआधी नमस्कार करतो, म्हणजे प्रत्येक बाराआधी मी दारू मागे नेऊन ठेवतो. आणि वॉल्ट म्यानातून काढतो. नळी खाली. हात दुखतो म्हणून सावकाश वर आणतो. दारू सगळी पुढे, गोळीपाशी. ठिणगी पोचेपर्यंत निम्मा जोर गेला. दाब कमी म्हणून पितळ फुगून, काडतूस बसतं त्या भोकाला घट्ट चिकटत नाही, धूर मागे येतो, म्हणून काजळी." ते खाली खुर्चीत बसले. "तो म्हणत होता बसके वाजतात. मी त्याला बहिरा म्हटलं."

पुन्हा खात्री म्हणून त्यांनी एक बार नळी वर करून टाकला आणि एक खाली करून. पहिला खणखणीत, दुसरा बसका. काका हसले आणि हसता हसता रडायला लागले. भावासाठीचं रडणं आणि वॉल्टसाठीचं रडणं दोन्ही एकत्रच आलं असणार. मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

सुतकात कुणाच्या घरी जात नाहीत. काका घरी येऊन काकूंना म्हणाले, "मला वॉल्टकडे जायचं आहे."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "सुतक आपल्याला आहे, त्याला कुठे आहे? त्याने रिव्हॉल्व्हर विकून टाकलं तर कुणाला सांगणार आहात हे? जा."

मीही बरोबर गेले. वॉल्टचं घर गावाबाहेर, अंगणात खडी आणि एक वाकडा निवडुंग. त्याने दार उघडलं, पण आत या म्हणाला नाही. काका दारातच उभे राहून म्हणाले, "वॉल्ट, तेल नव्हतं. हात नव्हता. काडतूस होतं. माझं काडतूस."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं, हाताने नळी वर-खाली करून. नमस्काराचं सांगताना जरा अडखळले. वॉल्टने सगळं ऐकलं, हनुवटी खाजवली.

"म्हणजे तू देवाला रामराम करायचास आणि देव तुझी दारू मागे सरकवून द्यायचा."

"साधारण तसंच."

"आणि तो माझ्या बाजूने का नाही काही करत?"

"तू मागितलं नाहीस," काका म्हणाले. वॉल्ट हसला, पण हात पुढे केला नाही. दाराआडून त्याने ती बोटं दाखवली, वाकलेली, गाठी आलेली. "प्रॅब, मला मरायची भीती नाही. पण हे दोन हात उरलेत तेवढे मला हवेत. शर्टाची बटणं मी अजून माझी मी लावतो." काकांनी मान हलवली. रिव्हॉल्व्हर अजून विकलं गेलेलं नव्हतं, एवढंच आम्हाला येताना कळलं.

त्यानंतर काका पुस्तकाच्या खाली कधी गेले नाहीत. माप पुस्तकातलं घेतलं. धक्का कमी ठेवायला आणि नळकांड्यातली रिकामी जागा भरायला फुगीर जातीची दारू शोधली, तोंड जास्त घट्ट आवळलं. एका वेळी एकच बदल. आणि प्रत्येक बदलानंतर वॉल्टसारखं म्यानातून काढून, नळी खाली धरून, सावकाश वर आणून बार. हिवाळाभर हे चाललं. धक्का पहिल्या भरणीपेक्षा किंचित जास्त होता, पण नळी वर असो की खाली, आवाज एकच यायला लागला आणि नळकांडी स्वच्छ निघायला लागली. त्यांनी एक डबा वॉल्टच्या दारात ठेवला. बेल न वाजवता.

माझी तोवर दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गच्या ऑफिसात बदली ठरली होती. फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार मी मैदानावर घालवला. हवा छान होती, खिशांत कांदे नव्हते. सामना सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर, उशिरा, वॉल्ट आपली घडीची खुर्ची घेऊन आला. त्याच्या काखेत काकांचा डबा होता.

त्याची पाळी आली तेव्हा काका त्याच्या मागे, नियमाप्रमाणे चार पावलं सोडून, उभे राहिले. मी त्यांच्याही मागे. वॉल्टने म्यानातून रिव्हॉल्व्हर काढलं, सावकाश वर आणलं. टण्ण. टण्ण. टण्ण. चौथाही लागला. मग तो थांबला. नळी समोर धरून, मान न वळवता, त्याने विचारलं, "प्रॅब. तो बसका वाजला का?"

बसका नव्हता. मी ऐकला होता, सगळ्यांनी ऐकला होता, पत्रा अजून डोलत होता. पंचाच्या हातात घड्याळ चालू होतं. "ठीक आहे, मार," एवढं म्हटलं असतं की सामना झाला असता. काकांनी हिवाळाभर त्या काडतुसाची खात्री करून घेतली होती आणि ती खात्री त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती.

"तुला वाटलं ना? मग थांब," काका म्हणाले. "बघू."

पंचाने खांदे उडवले. रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, काडतुसं बसवायचं मधलं चक्र काढून टेबलावर ठेवलं. आता नळीतून आरपार दिसत होतं. पंचाने ते काकांच्या पुढे केलं. काकांनी ते घेतलं, डोळ्याला लावलं नाही, तसंच वॉल्टच्या हातात दिलं.

"तू बघ."

वॉल्टने ती नळी आकाशाकडे धरली आणि एक डोळा मिटून बराच वेळ आत पाहिलं. घड्याळ चालूच होतं. त्या फेरीत तो शेवटचा आला.

"निळं आहे," तो म्हणाला.

पुढच्या फेरीसाठी रिव्हॉल्व्हर भरायच्या टेबलापाशी दोघे शेजारी उभे होते. वॉल्टने त्यांच्याकडे न बघता नुसता तळहात पुढे केला. काकांनी डबा उघडून एकेक काडतूस त्यावर ठेवलं.